फोडणीच्या आधीची मोहरी

धायरी, पुणे
१० नोव्हेंबर २०२४

दीक्षा,

सप्रेम जयभीम. आधी 'चिरंजीव' लिहिणार होते, पण तीन वर्षं धड न बोललेल्या मुलीला एकदम चिरंजीव म्हटलं तर तिला वाटायचं की आईचं काहीतरी बिनसलंय. काही बिनसलेलं नाही.

पत्राची कल्पना तुझ्या भावाची. सौरभ म्हणाला, "आई, फोनवर तुम्ही दोघी तिसऱ्या वाक्याला भांडता. त्यापेक्षा तू लिही ना." महापालिकेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला 'लिही' म्हटलं की ती नाही म्हणू शकत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तनुजा या पानांचे फोटो काढून तुला हॉलंडला पाठवणार आहे. म्हणजे ती ते वाचणारही आहे. तनुजा, सूनबाई, खुशाल वाच, पण मध्येच माझ्याकडे बघून हसू नकोस.

मी वाळले असं सौरभने तुला कळवलं म्हणे. ब्लाउज जरा सैल झालेत, एवढंच. या वयात पोळ्या कितीशा लागतात? आणि खरं सांगू का, अलीकडे कशालाच चव राहिलेली नाही. मेथी मेथीसारखी लागत नाही. हापूस तर यंदा बटाट्यासारखा होता असं मी म्हणणार होते, पण हापूस मे महिन्यात खाल्ला आणि तेव्हा तो चांगला होता. असो.

त्यात तुझी ती ब्रोकोली. "दीक्षाताई यावरच संशोधन करतात, म्हणजे आईंना चांगली," असं म्हणत तनुजा आठवड्यातून तीनदा करते. मोहरी-जिऱ्याची फोडणी, वर झाकण, आणि अगदी मऊ होईपर्यंत शिजवणं. हिरवा फ्लॉवर म्हणायचं आणि पुढे जायचं. मला ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं. तनुजा, दोष भाजीचा आहे, तुझा नाही.

तू इतकी वर्षं त्या भाजीत काय शोधते आहेस ते तुझ्या वहिनीला एकदा नीट सांग. निदान आठवड्यातून एकदाच होईल.

तिकडे थंडी पडली असेल. कानाला बांधत जा.

आई


धायरी
१४ नोव्हेंबर

दीक्षा,

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. फाट्यापर्यंत चालत जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकणार आहे. याचा फोटो कोणी काढलेला नाही.

परवाच्या पत्रात मी तुझ्या वहिनीच्या स्वयंपाकावर ढकललं. ती बिचारी ते वाचून दुसऱ्या दिवशी दुप्पट लसूण घातलेली भाजी घेऊन आली. मला तोही लागला नाही. दोष भाजीचा नाही आणि तनुजाचाही नाही. मला वास येत नाही.

ऑगस्टात ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. मला पहिल्यांदा कळलं ते विहारात. रविवारच्या वंदनेला बसले होते आणि मनात म्हटलं, आज कोणी उदबत्ती लावली नाही वाटतं. डोळे उघडून बघते तर समोर चार जळत होत्या. मी पुन्हा डोळे मिटून घेतले. घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. सर्दीने असं होतं, जाईल, असं स्वतःलाच समजावत राहिले.

मग दुधाचं झालं. दूध उतू गेलं, खालची शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू. मी तिथेच टेबलाशी पेपर वाचत होते. शब्दकोडं. तनुजा दारातून आत आली आणि ओरडलीच. खिडक्या उघडल्या, मला ओढत बाहेर नेलं. मी म्हणत होते, "अगं, काय झालं तरी काय?" गॅस किती वेळ चालू होता असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, तेव्हा मला कळलं की मी त्या खोलीत किती वेळ बसले होते.

त्या दिवसापासून शेगडी मला बंद. सौरभने सिलेंडरचं बटण फिरवून ठेवायची पद्धत सुरू केली आहे. भांडायला गेले तर म्हणाला, "आई, मला हडपसरला ऑफिसात बसून दिवसभर हेच डोळ्यासमोर येतं."

त्याच्याच ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. विषाणूने वासाची नस दुखावली आहे म्हणाले. परत येईल का, तर येईल किंवा येणार नाही. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल हुंगायला सांगितलं आहे, नसेला आठवण करून द्यायला. मी इमानदारीने हुंगते. चार वाट्यांतून चार प्रकारची हवा येते. पण ते म्हणाले, नाकापेक्षा मला तुमच्या वजनाची काळजी आहे. असंच जेवण टाकत राहिलात तर सलाइन लावायला भरती करावं लागेल.

माझी भूकच मेली आहे, दीक्षा. जेवण म्हणजे तोंडात काहीतरी आहे आणि ते गिळायचं आहे. चार घासांनंतर वाटतं, कशासाठी? मला याची भीती वाटायला लागली आहे. हे सौरभला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

तुला का सांगते आहे? वहिनीने तुझ्याबद्दल जे म्हटलं ते डोक्यात राहिलंय. तू त्या भाजीवरच काम करतेस. काही करता येत असेल तर सांग.

आई


धायरी
८ डिसेंबर

दीक्षा,

तुझं पत्र मिळालं. फोनवर दोन ओळी न टाकता तू दोन पानं हाताने लिहिलीस, याचा आनंद झाला. अक्षर अजून कोंबडीचे पाय, पण कळलं सगळं.

ते मी एकदा माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर सांग. ब्रोकोली, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा आणि आपली मोहरी ही सगळी एका घराण्यातली. त्यांच्या अंगात एका कप्प्यात एक द्रव्य असतं आणि दुसऱ्या कप्प्यात त्या द्रव्याला फोडणारं दुसरं काहीतरी. भाजी अख्खी असेपर्यंत दोघं शेजारी राहून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. चिरली, ठेचली, चावली की भेटतात, आणि तेव्हाच तो झोंबरा पदार्थ तयार होतो ज्याच्यामागे तुम्ही सगळे लागला आहात. म्हणून चिरून अर्धा तास ठेवायची, जेमतेम वाफवायची, कारण जास्त शिजवलं तर ते फोडणारं मरून जातं. आणि तसं झालंच तर वरून मोहरी घालायची, तिच्यात ते भरपूर असतं. चव नसली तरी निदान झोंबेल, असंही तू लिहिलंस.

केलं. मी स्टुलावर बसून पत्र वाचत होते, तनुजा करत होती. चिरली, ठेवली, वाफवली. मग 'वरून मोहरी' वाचल्यावर तिने तेल तापवलं, मोहरी तडतडवली आणि वरून ओतली. मीही मान डोलावली. चार दिवस हे चाललंय. काही झोंबत नाही. पूर्वी ओला पुठ्ठा होता, आता त्यावर काळे ठिपके आहेत.

तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "हे सगळं खरं असलं तरी आई, ही भाजी आहे, औषध नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. याच ओट्यापाशी. तीन वर्षांपूर्वी, तुझ्या बाबांच्या पोटातला कॅन्सर शेवटच्या टप्प्यावर होता तेव्हा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले त्यांचे सोबती रंगराव कुठलासा कागद घेऊन आले, रोज कच्च्या ब्रोकोलीचा रस दिला तर गाठ विरघळते म्हणून. मी रोज पहाटे उठून तो रस काढत होते. बाबा नाक धरून पीत होते आणि अर्ध्या तासाने उलटी करत होते. तू रजा काढून आलीस, पेला हुंगलास आणि मोरीत ओतलास. "आई, ही भाजी आहे, औषध नाही. मी यावरच पीएचडी करते म्हणून सांगते. उंदरात दिसलं, पेशींत दिसलं, म्हणून बाबांच्या पोटात होत नाही." रंगराव समोर बसले होते. बाबाही जागे होते.

मला राग रसाचा नव्हता. माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं आणि तू ते ओतून दिलंस. बाबा गेल्यावर मी म्हटलं, पोरीने आयुष्य त्या भाजीवर काढलं आणि बापाला पेलाभर मिळू दिली नाही. ते मी तुला ऐकू जाईल असंच म्हटलं होतं. तू दुसऱ्या आठवड्यात परत गेलीस.

आता तीच भाजी, तेच वाक्य. तुझं शास्त्र त्यांच्याही उपयोगी पडलं नाही, माझ्याही पडत नाही. आजपासून तनुजाला सांगितलं आहे, ब्रोकोली आणू नकोस.

आई


धायरी
२९ डिसेंबर

दीक्षा,

तनुजाच्या फोनवर आलेला तुझा निरोप तिने मला वाचून दाखवला. "आई, फोडणीतली मोहरी मेलेली असते. कच्ची फेस. भंडाऱ्याच्या आजीच्या रायत्यासारखी." बाकी अवाक्षर नाही. एवढं मोठं रागाचं पत्र लिहिलं आणि उत्तरात मोहरी. मी चिडले. आठवडाभर तिकडे बघितलंही नाही.

पण ते 'भंडाऱ्याच्या आजीच्या' डोक्यातून जाईना. माझी आई कैरीच्या रायत्याला मोहरी फेसायची तेव्हा आम्हा पोरांना अंगणात पिटाळायची. आम्ही दाराआडून बघायचो. तू तिला जेमतेम चार-पाच वर्षं बघितलंस, आणि हे तुझ्या लक्षात राहिलं. मी मात्र पाटीवर लिहिल्यासारखं फोडणी, फोडणी करत बसले. मोहरी म्हटली की आपला हात आपोआप तेलाकडे जातो, त्याला मी तरी काय करू?

आज रविवार. सौरभ आणि तनुजा तिच्या माहेरी हडपसरला गेलेत. सिलेंडर बंद करून, मला दोनदा सांगून. दुपारी मनात आलं की मोहरी फेसायला विस्तव लागतच नाही. शेगडी बंद केली आहे, खलबत्ता तर कोणी बंद केलेला नाही. गंमत म्हणजे इतके दिवस मला स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं वाटत होतं, ते तेवढ्या विचाराने गेलं.

मूठभर मोहरी घेतली. चिमूटभर मीठ, चमचाभर गार पाणी, आणि कुटायला लागले. हात दुखला. मग झाकून ठेवली, आई ठेवायची तशी. फ्रिजमध्ये कालचा वाफवलेला फ्लॉवर होता, तो काढला, दही घातलं. झाकण उचललं आणि सवयीने वाकून नाक जवळ नेलं.

अगं, नाकात अशी चढली म्हणून सांगू. थेट टाळूपर्यंत. डोळ्यांतून घळाघळा पाणी, श्वास अडकला, मी ओट्याला धरून उभी. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या नाकाला काहीतरी कळलं होतं. मी पुन्हा वाकले. पुन्हा चढली. वेड्यासारखी तिसऱ्यांदा वाकले.

पाणी थांबेना. थोड्या वेळाने मला कळलं की हे मोहरीचं नाही. दीक्षा, बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. लोकांना चहा दिला, कागदपत्रं शोधली, तुझ्यावर चिडले. रडायचं राहून गेलं होतं. आज ओट्याशी उभी राहून मोठ्याने रडले. शेजारची शेफाली बेल वाजवून गेली, मी दार उघडलं नाही. मला ते दुसऱ्या कोणासमोर करायचं नव्हतं.

मग भूक लागली. साधी, जेवायची भूक. मोहरी कालवून तो फ्लॉवर खाल्ला, सगळा. प्रत्येक घासाला नाकात झणका. चव कळत होती असं नाही, पण मी जेवते आहे हे कळत होतं.

खाताना तुझे बाबा आठवले. तू तो पेला ओतलास आणि मग काय केलंस ते मी आजवर बोलून दाखवलं नाही. तू त्यांना मऊ दूधभात केलास, साखर जरा जास्त. ते तुझ्या हातून वाटीभर जेवले आणि उलटी झाली नाही. नंतरही तू असेपर्यंत ते रोज तेच मागायचे. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी राग येत होता. आता येत नाही. एवढंच लिहायचं होतं.

डॉक्टरांना उद्या विचारेन हा काय प्रकार आहे ते.

आई

ता. क. हे पत्र तनुजाने फोटो काढून पाठवलं तरी चालेल.


धायरी
९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव दीक्षास,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. या वेळी चिरंजीव लिहिलं आहे, मुद्दाम.

आधी वजन. तू दर निरोपात तेच विचारतेस. वाढतंय. डॉक्टर समाधानी आहेत. त्यांनी सांगितलं की झोंबणं कळणारी नस वेगळी, चेहऱ्याची, ती माझी शाबूत होती. वासाची वेगळी. मोहरीने वास परत येईल असं समजू नका आजी, असंही बजावलं. मी म्हटलं, डॉक्टर, मला आधीच एकीने बजावून ठेवलं आहे, ती तुमच्यापेक्षा खमकी आहे.

आमच्याकडे आता रोज काहीतरी फेसलेल्या मोहरीतलं असतं. मुळा, कोबी, नवलकोल, आणि हो, ब्रोकोली. चिरून ठेवायची, जराशी वाफवायची, कुरकुरीत राहिली पाहिजे. मोहरी माझ्याकडे. सौरभ डोळे पुसत जेवतो आणि मला शिव्या देतो, पण वाटी पुढे करतो.

आता खरी गोष्ट. काल तनुजाला घरूनच काम होतं. तिने कोबी उकडायला ठेवली आणि फोनवरच्या मीटिंगमध्ये विसरली. तासभर उकळत होती. मी बाहेरच्या खोलीत कोडं सोडवत होते. सहा अक्षरी शब्द अडला होता. आणि मला वाटलं, काहीतरी घाणेरडं आहे.

मी पेन खाली ठेवलं. हलले नाही, हललं तर जाईल असं वाटलं. गेलं. मग परत आलं. पुसट, कुजकट, ओळखीचं. कोबी जास्त उकडली की बाबा म्हणायचे, "आमच्या कारखान्यामागचा नाला आज घरी राहायला आलाय वाटतं." तोच नाला. अगदी तोच.

तेवढ्यात तनुजा धावत आली, "सॉरी, सॉरी आई, किती घाण वास सुटलाय," म्हणत खिडकीकडे गेली. मी ओरडले, "उघडू नकोस."

ती थबकली. मी म्हटलं, "तनुजा, मला येतोय."

तिला क्षणभर कळलं नाही. मग ती खिडकी सोडून माझ्याजवळ येऊन जमिनीवरच बसली आणि माझा हात धरला. सौरभ हडपसरहून आला तो दारातच नाक दाबून, "काय मेलंय घरात?" त्यालाही आत घेतलं, दार लावलं, आणि आम्ही तिघं त्या दुर्गंधीत बसून राहिलो. इतक्या घाण वासात इतकी खूश मी जन्मात झाले नव्हते.

आज सकाळी लवंग हुंगली, तिचा काही पत्ता नाही. लिंबू नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, हळूहळू येतं, कधी अर्धवट येतं, फार धरून बसू नका. मी धरून बसणार आहे. एक आलाय म्हणजे बाकीच्यांना रस्ता माहीत झाला.

तुझ्या त्या वाक्याबद्दल. ही भाजी आहे, औषध नाही. मी त्यावर बराच विचार केला. तुझं बरोबर आहे. औषध असतं तर मी ते पाण्याबरोबर गिळून एकटीच झोपले असते. भाजी निवडावी लागते, चिरावी लागते, कोणीतरी विसरून उकळत ठेवावी लागते, आणि ताटाला माणूस लागतो. मला नेमकं तेच हवं होतं.

मी माफी मागत नाही आणि तूही मागू नकोस. आपल्या दोघींना ते जमत नाही, तिसऱ्या वाक्याला भांडण होईल. भांडण झालं तर होऊ दे, पण या ओट्यापाशी येऊन कर.

सिलेंडरचं बटण आता मी फिरवू शकते, तनुजा घरात असताना. म्हणून तू येशील तेव्हा दूधभात मी करेन, साखर जरा जास्त. त्याच्याबरोबर फेसलेल्या मोहरीतली ब्रोकोली विचित्र लागेल, पण खायची. मोहरी मात्र आधीपासून करून ठेवता येत नाही. फेसून थोडा वेळ झाला की तिचा जोर जातो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तू दारात आलीस की मगच खलबत्ता हातात घेईन.

तेव्हा तारीख कळव.

तुझी आई